रात्रीची कबड्डी आणि टेलिफोटो झूम लेन्सची निवड : खान्देशातील एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील छायाचित्रकार चोपडा-अमळनेर पट्ट्यात स्वतःचा स्टुडिओ चालवतात. उन्हाळ्यात लग्नसराई आणि वर्षभर शाळा-महाविद्यालयांचे कार्यक्रम हा त्यांचा चरितार्थाचा व्यवसाय आहे. पण त्यांचा खरा ओढा मैदानी खेळांकडे आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धा, आंतरमहाविद्यालयीन सामने, यात्रांमधील कुस्त्यांचे फड आणि हिवाळ्यात गावोगावी रात्री रंगणारी कबड्डी, यांची छायाचित्रे ते वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांना, मंडळांना आणि खेळाडूंना देतात. नव्या लेन्सचा विषय त्यांनी माझ्यापाशी काढला तेव्हा त्यांच्याकडे निकॉन डी७२०० ही बॉडी आणि ७०-३०० मिमी, एफ/४.५-५.६ ही निकॉनचीच जुनी झूम लेन्स होती. (मिमीचा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ येते; एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे उघडते आणि उजेड अधिक येतो.) त्यांचा बेत १५०-६०० मिमीची लांब लेन्स घेण्याचा होता. क्रिकेटमधील फलंदाजाचा चेहरा, सारंगखेड्याच्या यात्रेतील धावते घोडे आणि सवड मिळालीच तर हतनूर धरणावरचे पक्षी, असे सगळेच त्या एका लेन्समध्ये सामावेल, असा त्यांचा हिशेब होता. सिग्मा आणि टॅमरॉन या दोन्ही कंपन्यांच्या १५०-६०० लेन्स त्यांनी पाहून ठेवल्या होत्या आणि निकॉनची २००-५०० मिमी, एफ/५.६ हीदेखील त्यांच्या यादीत होती.

त्यांच्या बोलण्यातील एका वाक्यामुळे मात्र या बेताचा फेरविचार करावा लागला. "भाऊ, रात्री माझ्या लेन्सला कबड्डी दिसतच नाही," असे ते म्हणाले. ही तक्रार दूरचे जवळ न दिसण्याची नव्हती. ती उजेडाची होती. लांब लेन्स घेऊन उजेडाची अडचण सुटत नाही, उलट वाढते, हा या संपूर्ण प्रकरणाचा गाभा आहे आणि तो कागदावर मांडून दाखवल्याशिवाय पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

जुन्या फायलींची तपासणी

कोणतीही लेन्स विकत घेण्यापूर्वी आपल्याच जुन्या छायाचित्रांची नोंद वाचावी, हा माझा आग्रह असतो. प्रत्येक फाइलमध्ये कॅमेरा फोकल लेंग्थ (मिमीतला आकडा), अ‍ॅपर्चर, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते ते) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) लिहून ठेवतो. संगणकावर या नोंदींनुसार फायलींची वर्गवारी करता येते. त्यांच्या मागच्या दोन हंगामांतील छायाचित्रे आम्ही तशी लावली, आणि वर्गवारी करताना छापून आलेली किंवा विकली गेलेली छायाचित्रे वेगळी काढली. काढलेली छायाचित्रे माणसाची हौस सांगतात, तर विकली गेलेली त्याचा धंदा सांगतात, म्हणून ही विभागणी महत्त्वाची ठरते.

निष्कर्ष त्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. ३०० मिमीला टेकलेली छायाचित्रे भरपूर होती, पण ती जवळजवळ सगळी दिवसाच्या क्रिकेटची होती आणि त्यांतील फारच थोडी कुठे वापरली गेली होती. मोबदला मिळवून देणारी बहुतांश छायाचित्रे कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांची होती, आणि ती ७० ते २०० मिमीच्या आतच काढलेली होती. रात्रीच्या कबड्डीच्या फायलींमध्ये आयएसओ ६४०० आणि शटर स्पीड एकदोनशेअंश (१/२००) सेकंद, हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसत होती. अ‍ॅपर्चर त्या लेन्सने परवानगी दिली तेवढे, म्हणजे ५.६ च्या आसपास, पूर्ण उघडे होते. टाकून दिलेल्या छायाचित्रांमध्येही एक सूत्र होते. चढाईपटूचे धड ठीक असे, पण ज्या हाताने तो गडी टिपायला जातो तो हात आणि बचावपटूचे पाय पुसट झालेले असत. कबड्डीच्या छायाचित्रात हात आणि पाय पुसट झाले, तर त्यात खेळ उरत नाही.

मैदानाचे माप आणि चौकटीचे माप

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. मध्यरेषेपासून अंतिम रेषेचे अंतर ६.५ मीटर भरते. छायाचित्रकाराची उत्तम जागा अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्याकडे, जमिनीवर बसून असते, कारण तेथून चढाईपटू समोरून येताना दिसतो. रेषेपासून दोन मीटर मागे बसलेल्या माणसासाठी निदानरेषा पावणेपाच मीटरवर आणि मध्यरेषा साडेआठ मीटरवर येते. महत्त्वाच्या पकडी याच पट्ट्यात होतात.

डी७२०० चा सेन्सर सुमारे २३.५ मिमी रुंद आहे. विषयाचे अंतर सेन्सरच्या रुंदीने गुणून फोकल लेंग्थने भागले, की त्या अंतरावर चौकटीत किती रुंदी मावते ते कळते. पाच मीटरवर ७० मिमीला सुमारे १.७ मीटर, म्हणजे कॅमेरा उभा धरला तरी ताठ उभा असलेला चढाईपटू जेमतेम मावतो. १२ मीटरवर २०० मिमीला सुमारे १.४ मीटर, म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्या भागातील खेळाडूही कंबरेपासून वर चौकट भरून टाकतो. थोडक्यात, कबड्डीसाठी ३०० मिमीची गरजच पडत नाही, आणि १५० मिमीपासून सुरू होणारी लेन्स तर जवळच्या पकडीच्या वेळी निरुपयोगी ठरते, कारण पाच मीटरवर तिच्यात ८० सेंटिमीटरहून कमी रुंदी मावते. चार बचावपटूंनी साखळी करून चढाईपटूला घेरल्याचा क्षण तिच्यातून टिपताच येणार नाही.

कुस्तीच्या फडातही स्थिती फार वेगळी नाही. आखाड्याच्या कडेला बसू दिले, आणि खान्देशात यात्रेच्या फडात ओळखीच्या छायाचित्रकाराला ते सहसा बसू देतात, तर जोड पाच ते बारा मीटरवर असते. ज्या चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, त्या या प्रदेशात कुस्तीच्या चांगल्या छायाचित्राला मागणी आहे, आणि ती चितपटीच्या क्षणाला, हवेत उचललेल्या मल्लाला आणि त्याच्या चेहऱ्याला आहे.

क्रिकेटचा प्रश्न मात्र खरा होता. सीमारेषेबाहेरून फलंदाज ६५ मीटरवर असेल, तर २०० मिमीला साडेसात मीटरहून अधिक रुंदी चौकटीत येते आणि फलंदाज लहान दिसतो. ६०० मिमीला ती अडीच मीटर होते. पण क्रिकेट आमच्याकडे दिवसा खेळले जाते. खान्देशच्या लख्ख उन्हात आयएसओ ४०० ठेवून एफ/६.३ ला एकदोनहजारअंश सेकंदाहून वेगवान शटर सहज मिळते, आणि कमी आयएसओवरील २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून अडीच मीटरचा तुकडा कापला तरी सुमारे २००० पिक्सेल रुंदी उरते. वृत्तपत्राच्या छपाईसाठी इंचाला २०० पिक्सेल धरले, तर तेवढ्यात २५ सेंटिमीटर रुंद छायाचित्र छापता येते. दूरची चौकट कापून जवळ आणता येते. पण अंधारात हललेला हात नंतर कशानेही स्थिर करता येत नाही. या दोन त्रुटींची किंमत सारखी नसल्यामुळे पैसे कुठे घालायचे, याचा निर्णय इथेच जवळपास झाला.

लांब लेन्सबद्दल आणखी एक गोष्ट आमच्या भागात राहणाऱ्या माणसाने तरी विसरू नये. मार्चपासून जूनपर्यंत दुपारच्या वेळी जमिनीलगतची तापलेली हवा सतत हलत असते, आणि ऐंशी-शंभर मीटरवरचा विषय ६०० मिमीतून पाहिला की त्याच्या कडा थरथरताना दिसतात. हे लेन्सचे वैगुण्य नव्हे आणि कितीही महाग लेन्सने ते जात नाही. त्यावर सकाळची वेळ गाठणे किंवा विषयाच्या जवळ जाणे, एवढेच उपाय आहेत. जळगाव-भुसावळकडचे उन्हाळ्याचे तापमान पाहता वर्षातील मोठा काळ त्या लेन्सचा पूर्ण लाभ दुपारी मिळणारच नव्हता.

उजेडाचा हिशेब

एफ/५.६ वरून एफ/२.८ वर येणे म्हणजे पूर्ण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजेच चौपट उजेड. त्यांच्या फायलींमधील आयएसओ ६४०० आणि एकदोनशेअंश सेकंद ही जोडी एफ/२.८ ला आयएसओ ६४०० आणि एकआठशेअंश सेकंद अशी होते. १५०-६०० लेन्सच्या लांब टोकाला, एफ/६.३ वर, हाच वेग एक-एकशेसाठअंश (१/१६०) सेकंदापर्यंत घसरला असता. एफ/४ च्या ७०-२०० लेन्सने तो एकचारशेअंश झाला असता.

या आकड्यांचा कागदावर काय परिणाम होतो, हे त्यांना एका उदाहरणाने पटले. चढाईपटूचा हात चौकटीला आडवा सेकंदाला पाच मीटर वेगाने गेला असे धरू. झडप घालताना हा वेग सहज असतो. एकदोनशेअंश सेकंदात तो हात अडीच सेंटिमीटर सरकतो, तर एकआठशेअंश सेकंदात सहा मिलिमीटरच्या आसपास. दहा मीटरवर २०० मिमीला चौकटीत ११७ सेंटिमीटर रुंदी येते, आणि हे छायाचित्र वृत्तपत्रात १५ सेंटिमीटर रुंद छापले, तर पहिल्या स्थितीत हाताचा पुसटपणा कागदावर तीन मिलिमीटरहून अधिक पसरतो; दुसऱ्या स्थितीत तो एक मिलिमीटरच्याही आत राहतो. पहिले छायाचित्र संपादक बाजूला ठेवतो, दुसरे छापतो.

या ठिकाणी त्यांनी एक रास्त शंका काढली : जुन्या लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा आहे, मग ती काय करते? ती छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते. समोरच्या खेळाडूच्या हालचालीवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. मंडपात स्थिर उभ्या असलेल्या वधूवरांसाठी ती उपयोगी आहे. कबड्डीत एकआठशेअंशाला ती बंद ठेवली तरी फारसे बिघडत नाही. दुकानात लेन्स विकताना कंपनरोधकाचे जे स्टॉप सांगितले जातात आणि अ‍ॅपर्चरचे जे स्टॉप असतात, ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, हे खेळाची छायाचित्रे काढणाऱ्या प्रत्येकाने पक्के ध्यानात ठेवावे, असे मला फार मनापासून वाटते, कारण या गोंधळात कष्टाचे पैसे वाया गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

फोकसचाही प्रश्न उजेडाशीच बांधलेला आहे. डीएसएलआर, म्हणजे डी७२०० सारखा आरशाचा कॅमेरा, फोकस साधताना लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवतो, म्हणून एफ/२.८ च्या लेन्समधून फोकसच्या सेन्सरला नेहमीच अधिक उजेड मिळतो. जुन्या लेन्सवर रात्री फोकस मागेपुढे भटकत राहण्याची जी तक्रार होती, तिचे हेही एक कारण होते.

मोठ्या अ‍ॅपर्चरची किंमतही मोजावी लागते. १० मीटरवर, २०० मिमीला, एफ/२.८ वर स्पष्टतेची खोली साधारण २८ सेंटिमीटर, म्हणजे फूटभरही नसते, एफ/५.६ ला ती दुप्पट असते. चढाईपटू आणि त्याच्या मागे दोन हातांवर असलेला कोपऱ्यावरचा बचावपटू, असे दोघेही एकाच वेळी स्पष्ट येणार नाहीत. कोणाच्या चेहऱ्यावर फोकस ठेवायचा, हे चढाई सुरू होतानाच ठरवावे लागते. याच उथळ खोलीमुळे मैदानाभोवतीचे फ्लेक्स आणि मागची गर्दी विरघळून खेळाडू उठून दिसतो, ही त्याची जमेची बाजू.

पर्यायांची छाननी

आधी बॉडी बदलावी का, हाही विचार झाला. डी५०० ही बॉडी सेकंदाला १० फ्रेम घेते आणि तिची फोकस यंत्रणा १५३ बिंदूंची आहे, तर डी७२०० सेकंदाला ६ फ्रेमपर्यंत जाते आणि तिला ५१ बिंदू आहेत. पण उच्च आयएसओवरील गुणवत्तेत या दोहोंमध्ये एका स्टॉपइतकाही फरक नाही. जुन्या लेन्ससह नवी बॉडी घेतली असती, तर पुसट छायाचित्रे अधिक वेगाने निघाली असती, यापलीकडे काही साधले नसते.

७०-२०० एफ/४ ही निकॉनची लेन्स ८५० ग्रॅमची, सुटसुटीत आणि स्पष्टतेला उत्तम आहे. तिच्यावर काट मारताना मला वाईट वाटले, कारण दिवसभर पायी फिरणाऱ्या माणसासाठी ती फार चांगली लेन्स आहे. पण एकचारशेअंश सेकंद कबड्डीला पुरत नाही, आणि आयएसओ १२८०० वर डी७२०० च्या फाइलमध्ये नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, इतका येतो की चेहऱ्याचे बारकावे जातात.

उरल्या एफ/२.८ च्या ७०-२०० लेन्स. निकॉनची २०१६ ची एफएल ही आवृत्ती १४३० ग्रॅमची आणि सर्वांत सरस होती, पण नवी घेणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. टॅमरॉनची २०१७ ची जी२ नवी, वॉरंटीसह मिळत होती आणि तिचे किमान फोकस अंतर एक मीटरहून कमी आहे, जे लग्नाच्या कामात उपयोगी पडते. सिग्माची २०१८ ची स्पोर्ट्स आवृत्ती १८०० ग्रॅमची, म्हणजे या गटात सर्वांत जड, आणि तिला ८२ मिमीचा फिल्टर लागतो. चौथा पर्याय निकॉनची २००९ ची व्हीआर २ ही आवृत्ती, वापरलेल्या स्थितीत. तिचे एक वैगुण्य जाणकारांना ठाऊक आहे : अगदी जवळ फोकस केला की तिचा दृश्यकोन रुंदावतो आणि २०० मिमी ही २०० मिमीसारखी राहत नाही. जवळून चेहरे टिपणाऱ्याला हे खटकते. पाच मीटरच्या पुढच्या खेळात ते जवळपास जाणवत नाही.

त्यांनी व्हीआर २ निवडली. पुढे कधी मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याकडे जावे लागले, तर निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर कंपनीचीच लेन्स बिनतक्रार चालेल, हा त्यामागचा एक विचार होता. टॅमरॉनच्या बाबतीत फर्मवेअर अद्ययावत आहे ना, हे पाहावे लागते. दुसरा विचार धुळीचा होता, आणि तो खान्देशात दुय्यम मुळीच नाही. जुनी ७०-३०० झूम करताना लांब होते. प्रत्येक वेळी बाहेर येणारी नळी हवा आत ओढते आणि हवेबरोबर आखाड्याची माती, मैदानाची धूळ आत जाते. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्सही अशाच लांब होतात. ७०-२०० एफ/२.८ ची लांबी झूम करताना बदलत नाही, सगळी हालचाल आतल्या आत होते, आणि माउंटपाशी, म्हणजे लेन्स बॉडीला जोडली जाते तेथे, रबराची कडी असते. लिंबू, हळद, तेल आणि ताक घालून मळलेली आखाड्याची तांबडी माती कुस्ती रंगात आली की कशी उडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या मुद्द्याचे वजन सांगावे लागत नाही.

खरेदीच्या वेळची तपासणी

मुंबईला बोराबाजारात कॅमेऱ्यांची जुनी पेठ आहे आणि भुसावळ-जळगावहून रेल्वेने तेथे जाणे सोयीचे आहे, म्हणून स्वतःची बॉडी बरोबर घेऊन ते तेथे गेले. वापरलेली लेन्स पाहताना मुंबईच्या दमट हवेचा विचार करावाच लागतो. खान्देशच्या कोरड्या हवेत बुरशी क्वचित लागते, पण दमट कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या काचांवर तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले असू शकतात. दोन्ही झाकणे काढून, अ‍ॅपर्चर उघडे ठेवून, मागच्या बाजूने बॅटरीचा झोत तिरका टाकला की ते दिसतात.

त्यांनी पाहिलेली पहिली लेन्स बाहेरून नव्यासारखी होती, पण फोकस होताना आतून बारीक चिरका आवाज येत होता. फोकसची मोटर थकल्याचे ते लक्षण असते आणि तिची दुरुस्ती खर्चिक असते. ती लेन्स त्यांनी तिथेच परत केली. दुसरीचा रबराचा पट्टा सैल झाला होता आणि हुडवर ओरखडे होते, परंतु काचा स्वच्छ होत्या आणि मोटर शांत होती. वर्तमानपत्राचे पान भिंतीला सपाट लावून एफ/२.८ वर छायाचित्र काढले, तेव्हा डावा आणि उजवा कोपरा सारखाच स्पष्ट आला, म्हणजे आतल्या काचा जागेवरून हललेल्या नव्हत्या. दुकानाबाहेर येऊन समोरून येणाऱ्या दुचाकीवर सलग फोकस ठेवून त्यांनी फ्रेमची मालिका घेतली, मूळ बिलावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि व्यवहार पूर्ण केला. बाह्य देखणेपणाला भुलले नाहीत, ही मला या खरेदीतील सर्वांत जमेची बाब वाटते.

घरी आल्यावर पहिले काम फोकसच्या सूक्ष्म जुळणीचे, म्हणजे या लेन्सचा फोकस थोडा पुढेमागे पडत असेल तर तो बॉडीत दुरुस्त करण्याचे होते. डी७२०० मध्ये ही सोय उणे २० ते अधिक २० या पट्ट्यात आहे, पण झूम लेन्सलाही ती एकच आकडा देते. त्यामुळे ७० मिमी आणि २०० मिमी यांपैकी कोणते टोक धरायचे, असा प्रश्न येतो. स्पष्टतेची खोली २०० मिमीला सर्वांत उथळ असते आणि तिथली चूक सर्वांत आधी डोळ्यांत भरते, म्हणून आकडा २०० मिमीला, दहा मीटर अंतरावर ठरवला.

पहिला हंगाम

लेन्सच्या अंगावर फोकसची मर्यादा ठरवणारी एक कळ असते. ती एका बाजूला सरकवली की लेन्स पाच मीटरच्या आत फोकस शोधत नाही, त्यामुळे दूरच्या विषयावर ती लवकर स्थिरावते. क्रिकेटला हे उत्तम. कबड्डीत मात्र चढाईपटू निदानरेषा ओलांडून आला की तो पाच मीटरच्या आत येतो आणि नेमक्या पकडीच्या क्षणी लेन्स हात टेकते. सुरुवातीच्या एका सामन्यात असे झाले, तेव्हापासून कबड्डीत ती कळ ते नेहमी पूर्ण पट्ट्यावर ठेवतात. फोकस सलग पद्धतीवर, मधल्या नऊ बिंदूंचा गट, आणि एक्स्पोजर हाताने ठरवलेले : आयएसओ ६४००, एफ/२.८, एकआठशेअंश. टिपताना पुढे आलेला हात, जमिनीवर घट्ट रोवलेली टाच, घामाने चमकणारा खांदा हे सगळे पहिल्याच रात्री स्पष्ट आले. खो-खोमध्ये खांबाजवळ सूर मारून गडी बाद करणाऱ्या मुलीचे त्यांनी काढलेले छायाचित्र मी पाहिले, आणि तिच्या बोटांची टोके व पळणाऱ्या मुलीची पाठ यांतील दोन बोटांचे अंतर त्यात स्वच्छ दिसते. जुन्या लेन्सने ते शक्य नव्हते.

वजनाचा त्रास अपेक्षेइतका होता. लेन्स दीड किलोहून थोडी जड, बॉडीसह ते सव्वादोन किलोंच्या पुढे जाते. कबड्डीत मांडी घालून, एक गुडघा उभा करून त्यावर कोपर टेकवले की चालते. कुस्तीचा फड दुपारपासून अंधार पडेपर्यंत लांबतो, तेव्हा मोनोपॉडशिवाय, म्हणजे एकपायी आधाराशिवाय, मनगट आणि मान दोन्ही थकतात. कॅमेऱ्याचा पट्टा बॉडीऐवजी लेन्सच्या पायाला अडकवण्याची सवयही त्यांना लावून घ्यावी लागली, कारण एवढे वजन माउंटवर लटकत ठेवणे योग्य नाही.

अनपेक्षित अडचण दिव्यांनी उभी केली. नव्या लेन्सने एकआठशेअंशाचा वेग दिला आणि त्याबरोबर एकाच मालिकेतील एक छायाचित्र उजळ, दुसरे मळकट, तिसऱ्याचा वरचा भाग पिवळट आणि खालचा काळपट, असे प्रकार दिसू लागले. पहिल्यांदा त्यांना लेन्सचीच शंका आली. कारण विजेत होते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून साध्या झोतदिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. एकशंभरअंश सेकंदाच्या छायाचित्रात हा चढउतार पूर्ण सामावतो. एकदोनशेअंशाला तो निम्माच सामावतो आणि फरक हलका राहतो. एकआठशेअंशाला मात्र त्या लाटेचा अगदी छोटा तुकडा हाती येतो आणि तो शिखराचा की तळाचा, हे नशिबावर राहते. शिवाय शटरची फट सेन्सरवरून सरकायला एकदोनशेपन्नासअंश सेकंदाच्या सुमारास वेळ घेते, तेवढ्यात उजेड बदलतो आणि एकाच चौकटीत वरखाली फरक पडतो. म्हणजे जुन्या संथ शटरने झाकून ठेवलेला दोष नव्या लेन्सच्या वेगाने उघडा पडला.

डी७२०० मध्ये छायाचित्रांसाठी यावर उपाय नाही. डी५०० आणि डी७५०० या बॉडी दिव्याच्या चढउताराचा वेध घेऊन उजेडाच्या शिखरावर शटर उघडतात. ती सोय हवी असेल तर पुढची खरेदी बॉडीची असेल, आणि आता ती योग्य क्रमाने होईल. तोपर्यंत ते रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) वापरतात, प्रत्येक पकडीला सहा-आठ फ्रेमची मालिका घेतात आणि रंगाची दुरुस्ती फ्रेमनिहाय करतात. दुसरा उपाय मैदानावरचा आहे. सगळे दिवे एकाच फेजवर असले, तर ते एकदमच मंदावतात आणि एकदमच उजळतात. तेच तीन फेजवर वाटून एकाच भागावर रोखले, तर एकाचा तळ दुसऱ्याच्या उजेडाने भरून निघतो. एका मंडळाच्या कार्यकर्त्यांना त्यांनी हे समजावून सांगितले, वायरमनने सामन्याआधी दुपारी जोडणी बदलून दिली, आणि त्या रात्रीच्या छायाचित्रांतील फरक उघड्या डोळ्यांनी दिसण्याइतका कमी झाला.

क्रिकेटपुरता प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. निकॉनचा १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसणारे फोकल लेंग्थ वाढवणारे भिंग) लावला की ही लेन्स २८० मिमी, एफ/४ होते. दिवसा ते चालते, पण सीमारेषेवरून फलंदाजाचा चेहरा त्यात येत नाही. विद्यापीठ किंवा जिल्हा पातळीवरचा मोठा सामना असला, तर ते नाशिकहून १५०-६०० लेन्स दिवसाच्या भाड्याने आणतात आणि तिचे भाडे त्या कामाच्या बिलात धरतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मात्र त्यांना लांब लेन्सची उणीव भासली नाही, कारण घोड्यांच्या शर्यतीत धावपट्टीच्या कडेला जागा मिळाली की २०० मिमी पुरते, आणि तापीकाठच्या हिवाळी सकाळच्या कमी उजेडात एफ/२.८ चा तेथेही उपयोग झाला.

खर्चाची बाजू लग्नसराईने सावरली. मंडपातील मंद उजेडात, फ्लॅश न वापरता, दुरून टिपलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे याच लेन्सने काढली जातात आणि त्या कामाचा मोबदला खेळापेक्षा बराच अधिक आहे. जुनी ७०-३०० त्यांनी विकलेली नाही. ती विकून फारसे पैसे येत नव्हते, आणि उन्हातील शालेय मैदानी स्पर्धांत त्यांचा मदतनीस मुलगा तीच लेन्स घेऊन दुसऱ्या टोकाला उभा राहतो.